मालिकेवरचा विश्वास उडतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्रीचे साडेआठ वाजत आले होते. सासूबाईंची गोळी, पाण्याचे भांडे आणि चष्मा नेहमीप्रमाणे त्यांच्या खुर्चीजवळच्या तिपाईवर ठेवून मी रिमोट हाती घेतला. एवढ्यात त्या म्हणाल्या, "लावू नकोस गं. मला नाही बघायचं."

वाचकहो, आपणांस या वाक्यात काही विशेष वाटणार नाही. आमच्या घरी मात्र क्षणभर सगळेच थबकले. गेली साडेतीन वर्षे आईंनी ती मालिका एकदाही चुकविली नव्हती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या दिवशीदेखील डोळ्यावर पट्टी असताना त्या नुसत्या ऐकत बसल्या होत्या. ह्यांनी हळूच त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मी साखर तपासण्याचे यंत्र आणावयास निघाले, तशा आई चिडून म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही. त्या लोकांना पेटीत काय आहे ते सांगायचंच नाहीये. मला ब्याऐंशी सरलं. त्यांना वेळ आहे, मला नाही."

पेटीची हकिकत थोडक्यात सांगते. मालिकेत कोकणातील एक जुना वाडा, त्यात माळ्यावर कुलूपबंद पेटी आणि ती पाहून पहिल्याच आठवड्यात घर सोडून गेलेला थोरला मुलगा. तो का गेला, पेटीत काय होते, किल्ली कोणाकडे आहे, असे तीन प्रश्न. आईंनी कालनिर्णयाच्या मागच्या बाजूस, दुधाच्या हिशेबाखाली, संशयितांची नावे लिहून ठेवली होती. दर शनिवारी त्या रत्नागिरीच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या मावशींना, फोन करीत आणि दोघींची खलबते चालत. अखेर सव्वादोन वर्षांनी पेटी उघडली. त्यासाठी 'महाएपिसोड' झाला. आत दुसरी, लहान पेटी निघाली. आई त्या रात्री हसल्या होत्या. त्यानंतर सव्वा वर्ष त्यांनी वाट पाहिली. मध्यंतरी कथेत दोन लग्ने झाली, एकाची स्मृती गेली आणि परत आली. लहान पेटी तशीच राहिली.

आपण म्हणाल, एवढ्या हुशार बाईंना हे आधीच कळायला नको होते का? मीही तसेच म्हणत असे. आता म्हणत नाही. अपुऱ्या गोष्टीची ओढ ही भोळेपणाची खूण नव्हे. बर्लिनमध्ये ब्लुमा झायगार्निक या संशोधिकेने 1927 साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पुरी केलेल्या कामांपेक्षा मध्येच तोडलेली कामे माणसांना अधिक आठवतात, असे तिला आढळले होते. पुढच्या संशोधकांच्या हाती हा निष्कर्ष दर वेळी तसाच लागला नाही. पण अर्धवट सुटलेले काम संधी मिळताच पुन्हा हाती घ्यावेसे वाटते, ही ओढ मात्र वारंवार दिसून आली आहे. मालिकेचा प्रत्येक भाग नेमका तिथेच तोडलेला असतो. शिवाय जितकी वर्षे घातली तितके सोडणे जड जाते. 'इतकं पाहिलं, आता थोड्यासाठी कशाला सोडायचं?' हा विचार आईंनी अनेकदा बोलूनही दाखविला होता. जुगारात हरणारा आणि रखडलेल्या घराचे हप्ते भरणारा, दोघेही असाच हिशेब मांडतात.

आणि हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत 22 सप्टेंबर 2004 रोजी 'लॉस्ट' नावाची मालिका सुरू झाली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान एका अनोळखी बेटावर कोसळते आणि वाचलेल्या प्रवाशांना तेथे एकेक अजब गोष्ट दिसू लागते. उष्ण प्रदेशातील जंगलात ध्रुवीय अस्वल, धुराचा राक्षस, जमिनीत गाडलेला लोखंडी दरवाजा आणि पुनःपुन्हा समोर येणारे 4, 8, 15, 16, 23, 42 हे आकडे. लोक अक्षरशः वेडे झाले. भाग थांबवून चौकटीतील पाट्या वाचणे, नकाशे काढणे, आकड्यांचे अर्थ लावणे असे उद्योग मोठमोठी माणसे करू लागली. परंतु तिसऱ्या पर्वापर्यंत कुरबुर वाढली. कथा पुढे सरकेना. तेव्हा 2007 साली वाहिनीने मालिका 2010 मध्ये संपणार असे आधीच जाहीर करून टाकले. लेखकांनाही तेच हवे होते. शेवट कुठे आहे हे ठाऊक नसताना उत्तरे देता येत नाहीत, ही त्यांचीही अडचण होती.

23 मे 2010 रोजी अखेरचा भाग दाखविला गेला. काही उत्तरे मिळाली होती, काही फार पुसट मिळाली, तर काही मिळालीच नाहीत. वॉल्ट नावाच्या लहानग्यात कोणती अद्भुत शक्ती होती, याचा उलगडा तर मूळ कथेच्या वाटेवर कुठेतरी गळूनच गेला. शेवटी पात्रे एका प्रार्थनास्थळी एकमेकांना भेटतात. मृत्यूनंतर पुन्हा भेट व्हावी म्हणून त्यांनीच निर्मिलेली ती जागा असते. तो शेवट पाहून कित्येकजण रडले. कित्येक संतापले. सहा वर्षे कोडे सोडविणाऱ्यांना फसविल्यासारखे वाटले, आणि ज्यांनी माणसांसाठी मालिका पाहिली त्यांना ती भेट पुरेशी वाटली. आजही या शेवटाबद्दल तिच्या जुन्या प्रेक्षकांचे एकमत नाही.

मग उत्तर देत का नाहीत? एक कारण धंद्याचे आहे. रोजची मालिका कितीही चांगल्या हेतूने सुरू झाली, तरी तिचे आयुष्य दर आठवड्याच्या टीआरपीवर ठरते. आकडे चांगले असतील तर ती संपविण्याची इच्छा कोणालाच नसते आणि उत्तर म्हणजे शेवटाचे दार. 'चार दिवस सासूचे' ही मराठी मालिका 2001 साली सुरू होऊन 2013 पर्यंत चालली. तीन हजारांहून अधिक भाग झाले. एवढ्या लांबीत कोणते रहस्य ताजे राहील? दुसरे कारण जरा विचित्र आहे. 1990 सालच्या 'ट्विन पीक्स' या अमेरिकी मालिकेत एका मुलीचा खून कोणी केला हा एकच प्रश्न होता. वाहिनीच्या आग्रहाने दुसऱ्या पर्वात उत्तर देण्यात आले, आणि प्रेक्षक पांगले. 1991 मध्ये ती बंद पडली. निर्मात्यांनी यातून काय धडा घेतला असेल, हे सांगावयास नको.

आपल्या पिढीतील वाचकांना हे सहन होणे विशेष कठीण जाते, कारण आपण शेवट असलेल्या कथांवर वाढलो. कीर्तनात पूर्वरंग झाला की उत्तररंगात आख्यान लागे, आणि बुवा ते त्याच रात्री पुरे करीत. सप्ताह काल्याच्या कीर्तनाने संपे. पोथीचा शेवटचा अध्याय वाचून झाला की प्रसाद. दूरदर्शनवर 1993 साली आलेला 'ब्योमकेश बक्शी' बहुतेक वेळा एकाच बैठकीत गुन्हेगार समोर उभा करी. 2020 च्या टाळेबंदीत चित्रीकरणे बंद पडली, तेव्हा दूरदर्शनने 28 मार्चपासून जुने 'रामायण' पुन्हा दाखविले. ज्या गोष्टीचा शेवट पोराटोरांना ठाऊक, ती देशभर घरोघरी बसून पाहिली गेली. आमच्या आई त्या दिवसांत वेळेवर जेवत आणि शांत झोपत. हा योगायोग असेलही. पण रात्री साडेनवाला 'आता तिचं काय होणार?' हा प्रश्न उशाशी घेऊन झोपणे आणि वनवास संपणारच आहे हे जाणून झोपणे, यांत फरक आहे.

आता मुख्य मुद्दा, आणि तो विशेषेकरून सांभाळणाऱ्यांसाठी. घरातील वृद्ध व्यक्तीचा आवडत्या मालिकेवरचा विश्वास उडाला की आपण दोनपैकी एक चूक करतो. पहिली, हसण्यावारी नेण्याची: 'आई, मालिकाच तर आहे!' वर्षानुवर्षे रोज ठरावीक वेळी घरात येणारी ती माणसे असतात. मुले नोकरीवर, शेजारी परगावी, बहीण फोनवर. अशा घरात पात्रांची सोबत खरी वाटते, आणि ती तुटली की थोडे दुःखही खरेच होते. त्याला नावे ठेवू नयेत.

दुसरी चूक याहून मोठी, ती म्हणजे न विचारण्याची. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनीही गतवर्षी बातम्या आणि मालिका पाहणे बंद केले. 'कंटाळा आला,' एवढेच म्हणाले. घरच्यांना बरेच वाटले; म्हातारपणी माणूस विरक्त होतोच, असे सर्वांनी धरले. पण त्यांनी शब्दकोडेही सोडले होते. नातवाशी बोलणे कमी झाले होते, पहाटे तीनला जाग येई, पाने अर्धी वाढली तरी उरत. चार महिन्यांनी सुनेने आग्रहाने डॉक्टरांकडे नेले, तेव्हा ते नैराश्य असल्याचे निष्पन्न झाले. उपचारांनी आता ते पुन्हा कोडे सोडवितात, आणि माझ्या शुद्धलेखनातील चुकाही काढतात. ते चार महिने मात्र त्यांनी एकट्याने काढले.

तेव्हा आपल्या घरी असे घडले तर नीट पाहावे. मालिका सोडली पण तक्रार तावातावाने चालू आहे, जेवण-झोप जागेवर आहे, दुसऱ्या कशात मन रमते आहे, तर तो नुसता रास्त राग समजावा. उलट राग नाही, दुःखही नाही, एकामागून एक सगळ्याच गोष्टींतून मन निघते आहे, आणि असे दोन आठवड्यांहून अधिक चालले आहे, तर वयावर ढकलू नये. डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईड, बी-12 ची कमतरता किंवा एखाद्या औषधाचा परिणामही अशा उदासीनतेमागे असू शकतो. 'जगून काय करायचं' अशी भाषा तोंडी आली, तर दोन आठवडे थांबूच नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. कधी कारण अगदीच साधे निघते. पार्श्वसंगीताच्या गोंगाटात संवाद ऐकू येत नाहीत आणि ते कबूल करायला संकोच वाटतो, म्हणून माणूस 'त्यात काही राम नाही' म्हणतो. अशा वेळी कानांची तपासणी करून घ्यावी.

विस्मरणाचा आजार असलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांना पडद्यावरचे आणि घरातले वेगळे करता येईलच असे नाही. पळवून नेलेल्या मुलीची काळजी ते रात्रभर करतील. तेथे 'ते खोटं आहे' असा वाद घालण्यापेक्षा धीर देऊन लक्ष दुसरीकडे वळविणे, आणि संध्याकाळी तंटे-बखेड्यांच्या मालिका न लावणे, हेच बरे.

दूरदर्शन संचच बंद करा, असे मी म्हणणार नाही. 2019 मध्ये इंग्लंडमधील पन्नाशीपुढच्या लोकांच्या एका अभ्यासात, रोज साडेतीन तासांहून अधिक वेळ टीव्ही पाहणाऱ्यांची शब्दस्मृती पुढील सहा वर्षांत अधिक घटलेली आढळली. यावरून टीव्हीमुळेच ती घटली असे सिद्ध होत नाही, पण तासांची मर्यादा असावी एवढा बोध घेण्यास हरकत नाही. अर्धा तास आवडीने पाहणे आणि दिवसभर संच चालू ठेवणे या भिन्न गोष्टी आहेत. मालिका सुटली तर मात्र तो अर्धा तास रिकामा ठेवू नये. पहिले आठ दिवस तोच जड जातो.

आमच्याकडे तो असा भरला. पहिल्या दोन रात्री आई खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत. गोळीची वेळ मालिकेच्या पहिल्या जाहिरातीशी बांधलेली होती, ती तिसऱ्या दिवशी चुकली. मग मी मोबाईलवर गजर लावला. चौथ्या दिवशी मावशींचा फोन आला. त्यांनी मालिका सोडलेली नव्हती. "तुला सांगू का काय झालं?" त्यांनी विचारले. आई म्हणाल्या, "सांगू नकोस. त्या पेटीत काय असायला हवं होतं ते सांग."

तेव्हापासून साडेआठला फोन असतो. पेटीत आजवर आजोबांचे मृत्युपत्र, आंब्याच्या कलमांच्या पावत्या, एका मुलीची पत्रे आणि एकदा तर मावशींच्या हट्टामुळे जिवंत नाग निघून गेला आहे. घर सोडून गेलेला मुलगा आईंच्या मते कराचीला बोटीवर लागला होता. तो परत आला, आईला भेटला, तेव्हा आई फोनवर बोलता बोलता गप्प झाल्या. थोड्या वेळाने त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि मला हाक मारली, "गोळी दे गं, उशीर झाला."

मावशी मालिका अजून पाहतात. लहान पेटी उघडलेली नाही, असे त्यांच्याकडून कळते.