चूक जिकडे, पाऊल तिकडे

माझी थोरली बहीण बेंगळूरला असते. गेल्या वर्षी पेपर तपासणीच्या निमित्ताने तिकडे आठवडाभर मुक्काम पडला. भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "मामा, रविवारी माझी टूर्नामेंट आहे, यायचंच!" असा तिचा हुकूम सुटला. बोलिंग म्हटलं की आम्हा बेळगावकरांच्या डोळ्यांपुढे क्रिकेटच येतं. प्रत्यक्षात ते निघालं टेनपिन बोलिंग. फाऊल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत साठ फूट, जेमतेम साडेतीन फूट रुंद अशी गुळगुळीत लेन, आणि टोकाला त्रिकोणात उभ्या दहा पिना. त्या पाडायच्या, एवढाच खेळ. मला तो पोरखेळ वाटला होता, हे आधीच कबूल करतो.

नेहमीच्या सरावात भाचीचे १७० च्या आसपास गुण व्हायचे. त्या दिवशी पहिल्याच गेममध्ये १२१ झाले. पोर रडवेली झाली. म्हणाली, "मामा, मी रोजच्यासारखाच टाकतेय, पण बॉल ऐकतच नाहीये."

गोम होती तेलात. लेनच्या सुरुवातीच्या साधारण चाळीस फुटांवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. नुसत्या डोळ्यांना तो जेमतेम जाणवतो. तेलावर बॉल घसरत सरळ जातो आणि कोरडी जागा लागली की वळतो. आपल्या कॅरमचंच उदाहरण घ्या ना. पावडर असेल तिथे स्ट्रायकर सुळकन जातो, नसेल तिथे अडतो.

रोजच्या गिऱ्हाइकांसाठी तेल मध्ये भरपूर आणि कडेला कमी ठेवतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल थोडा बाहेर गेला, तर कोरडी कड त्याला वळवून परत आणते. आत गेला, तर मधलं तेल त्याला धरून ठेवतं. म्हणजे लेनच तुमच्या चुका पोटात घालते! मोठ्या स्पर्धेत मात्र तेल कडेपासून कडेपर्यंत जवळपास सारखं पसरलेलं असू शकतं. मग बाहेर गेलेला बॉल बाहेरच राहतो. भाचीचं नेमकं तेच होत होतं.

शेजारच्या लेनवर पन्नाशीच्या एक बाई खेळत होत्या. गेम संपल्यावर त्यांनी भाचीला जवळ बोलावून तीन गोष्टी सांगितल्या. मी कान देऊन ऐकत होतो.

पहिली गोष्ट, मोठं वळण देण्याचा मोह सोड. अशा लेनवर जितकी सरळ रेघ, तितकी चूक लहान. तेलाच्या लांबीतून ३१ वजा करायचे, हा जुन्या खेळाडूंचा ढोबळ हिशेब. लेनच्या रुंदीत ३९ पट्ट्या असतात. तेल ४२ फूट असेल, तर तेल संपतं तिथे बॉल उजवीकडून अकराव्या पट्टीच्या आसपास असायला हवा.

दुसरी गोष्ट ऐकून मी चक्रावलो. बॉल डावीकडे चुकतोय ना? मग तू डावीकडेच सरक! मला हे उफराटं वाटलं. पण लेनवर बाण काढलेले असतात, आणि नेम त्याच बाणावर ठेवायचा असतो. पाय डावीकडे गेले की त्याच बाणावरून जाणारा बॉल पुढे आपोआप जास्त उजवीकडे निघतो. चूक जिकडे, पाऊल तिकडे. शिवाय खेळ चालू असताना बॉल तेल उचलत जातात, मार्ग कोरडा पडतो, वळण वाढतं. त्यामुळे सकाळी जिथे उभे राहिलात तिथे दुपारीही उभं राहून भागत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत पटली. स्ट्राइकच्या मागे धावू नकोस, स्पेअर सोडू नकोस. पहिल्या बॉलला दहाही पिना पडल्या तर स्ट्राइक, उरलेल्या दुसऱ्या बॉलला पाडल्या तर स्पेअर. स्पेअरला दहा गुण आणि वर पुढच्या एका बॉलचे गुण मिळतात. आता गणित बघा. दहाही फ्रेममध्ये नऊ पिना पाडून उरलेली एक सोडली, तर होतात ९०. तीच एक पीन दर वेळी पाडली आणि शेवटच्या जादा बॉललाही नऊ पाडल्या, तर एकही स्ट्राइक नसताना होतात १९०! एकट्या उरलेल्या पिनेसाठी बरेच खेळाडू प्लॅस्टिकचा वेगळा बॉल ठेवतात. तो फारसा वळत नाही, त्यामुळे तेलाच्या लहरीवर विसंबावं लागत नाही.

पुढच्या पाच गेममध्ये भाचीचे १३८, १५२, १४९, १६६ आणि १६१ झाले. हात तोच, बॉल तोच. बदलली होती उभं राहायची जागा आणि डोक्यातला हिशेब. तरीही पुढच्या फेरीची संधी गेली. किती गुणांनी? अवघ्या नऊ!

रात्री जेवण झाल्यावर ती गुणांचा कागद घेऊन बसली. पहिल्या गेममध्ये एकेकटी उरलेली पीन तिने चार वेळा सोडली होती. "मामा, यातली एक जरी घेतली असती ना…" एवढं म्हणून ती गप्प झाली. बहिणीने कागद बाजूला ठेवायला सांगितलं, पण तिने घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी पेपर तपासायला बसलो. पहिल्याच पेपरात एका मुलाने मोठी उत्तरं झोकात लिहिली होती आणि दोन-दोन गुणांचे चार प्रश्न कोरे सोडले होते. तो एका गुणाने नापास होत होता. मी बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली.