हाताने आवळलेले बोल्ट

सोसायटीच्या पंपाजवळ किंवा रस्त्याकडेच्या मोठ्या जलवाहिनीवर दोन पाइप जिथे भेटतात, तिथे कडेने बोल्ट लावलेल्या दोन जाड चकत्या दिसतात. हे फ्लँज. पाइप सरळ वेल्डिंग करून का जोडत नाहीत? कारण पंप किंवा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी कधी ना कधी काढावा लागतो. जोड उघडता येतो ही त्याची सोय, आणि गळतीची धास्तीही त्यामुळेच.

दोन चकत्यांच्या मध्ये गॅस्केट असते. कारागीर तिला ‘पॅकिंग’ म्हणतात. धातू कितीही गुळगुळीत केला तरी त्यावर बारीक खाचा राहतात, त्या गॅस्केट दबून भरून काढते. तिला दाबून धरण्याचे काम बोल्टचे. आवळलेला बोल्ट अगदी किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा दोन्ही चकत्यांना जवळ ओढत राहतो. पाइपमधला दाब त्यांना दूर ढकलत असतो. बोल्टची ओढ कमी पडली, की गळती सुरू. एकाच बाजूने आवळत गेल्यास चकती तिरकी बसते. म्हणून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करून, दोन-तीन फेऱ्यांत आवळतात. गाडीचे चाक बसवताना चांगला मेकॅनिकही हेच करतो.

पाइपचे तोंड तात्पुरते बंद करायचे असेल, तर मध्ये भोक नसलेली चकती लावतात. तिला ब्लाइंड फ्लँज म्हणतात. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या तेल-वायू उत्पादन करणाऱ्या तळावर अशीच एक चकती होती. एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि त्या जागी ती बसवली होती. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा पाळीवरच्या लोकांनी हा पंप सुरू करायचे ठरवले. व्हॉल्व्ह काढल्याची नोंद त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आणि ती जागा पंपापासून दूर, उंचावर असल्याने नजरेलाही पडत नव्हती. चकतीच्या कडेतून वायू सुटला आणि स्फोट झाला. पुढे आगीत मोठ्या वायुवाहिन्या फुटल्या. १६७ माणसे गेली.

लॉर्ड कलन यांच्या चौकशीत, त्या चकतीचे बोल्ट पान्याने न आवळता नुसते हातानेच फिरवले असावेत, असा निष्कर्ष निघाला. खरे तर तो पंप सुरू होणारच नव्हता, त्यामुळे बसवणाऱ्याच्या दृष्टीने ती चकती म्हणजे धूळ आत जाऊ नये म्हणून लावलेले झाकण असावे. १९९० च्या अहवालातल्या १०६ शिफारशींमध्ये दुरुस्तीच्या लेखी परवान्यांची पद्धत सुधारण्यावर भर होता. उघडलेल्या जोडाची माहिती पुढच्या पाळीला मिळालीच पाहिजे, यासाठी.