‘कैची देणं, त्यात का शिकाचं?’

साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात बारावीचा निकाल लागला, आणि घरातल्या पोरानं किंवा पोरीनं ‘ओटी टेक्निशियन’चं, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या तंत्रज्ञाचं, नाव काढलं, की कोणीतरी मामाजी बोलतातच : “डॉक्टरच्या हाती कैची देणं, त्यात का शिकाचं रायते? सहा महिन्याचा कोर्स कर न लाग नागपूरले.” दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. पहिलं जास्त, कारण दुसरं त्याच्यातूनच निघालेलं आहे.

कैची देणं आपल्याला ठाऊक आहे ते सिनेमामुळे. खरं तर सरकारी दवाखान्यात स्क्रब होऊन सर्जनसमोर उभी असते ती बहुधा सिस्टर. छोट्या खासगी दवाखान्यात ते काम टेक्निशियनकडे येतं. पण तिथंही त्याचं खरं काम पेशंट आत येण्याच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं.

ऑटोक्लेव्हच घ्या. “औजारं उकळली की झालं” असं अजून शिकलेली माणसंही म्हणतात. पाणी उकळतं 100 अंशांवर, आणि धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू तेवढ्या उष्णतेत तग धरू शकतात. म्हणून दाबाखालची वाफ लागते : 121 अंश, 15 पौंड दाब, आणि कापडात गुंडाळलेल्या सामानाला साधारण अर्धा तास. ड्रम ठासून भरला तर वाफ मधल्या गॉजपर्यंत पोचतच नाही. वर चिकटवलेल्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे बाहेरून उष्णता लागली, एवढंच कळतं. आतलं सामान निर्जंतुक झालं का, हे तपासायला आतले इंडिकेटर वेगळे, आणि उष्णतेला दाद न देणाऱ्या जंतूचे बीजाणू ठेवून करायची चाचणी वेगळी. हे माहीत नसलेला माणूस काळ्या रेघा पाहून निश्चिंत होतो.

मग पेशंटला टेबलावर नीट ठेवणं. भूल दिलेला माणूस ‘हात दुखतो’ म्हणू शकत नाही. हात खांद्यापासून 90 अंशांपेक्षा जास्त ताणून बांधला तर हाताच्या नसा दुखावतात. पाय स्टिरपमध्ये अडकवताना गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला दाब राहिला, तर पेशंट ऑपरेशन यशस्वी होऊनही लोंबतं पाऊल घेऊन घरी जातो. कॉटरीची, म्हणजे विजेनं रक्त थांबवणाऱ्या उपकरणाची, प्लेट मांडीला पूर्ण चिकटली नाही, तर परतीची वीज थोड्याशाच जागेतून जाते आणि तिथं भाजतं. कातडीवरचं स्पिरिट वाळण्याआधी कॉटरी चालवली, तर आग लागू शकते.

आणि मोजणी. पोट उघडण्याआधी मॉप (रक्त टिपायचे कापडी पॅड), गॉज, सुया, आर्टरी फोर्सेप्स मोजायचे, शिवण्याआधी पुन्हा, शेवटी पुन्हा. “मोजायला काय लागतं?” असं विचारणाऱ्यांनी औरंगाबादचं प्रकरण वाचावं. जुलै 1963 मध्ये तिथल्या सिव्हिल हॉस्पिटलात बाळंतपणानंतर एका बाईंची नसबंदी झाली. ताप आणि पोटदुखी थांबेना. पोट पुन्हा उघडलं तर आत मॉप राहिलेला. त्या वाचल्या नाहीत. नुकसानभरपाईचा तो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1996 मध्ये न्यायालयानं महाराष्ट्र शासनाला जबाबदार धरलं. मॉप आत राहिला ही गोष्टच निष्काळजीपणा सांगते, असं न्यायालयाचं म्हणणं. घटना ते अंतिम निकाल, मधे तेहतीस वर्षं.

‘ती जुनी गोष्ट, आता मोजतात’ असं कोणी म्हणेल. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 2003 साली अतुल गावंडे आणि सहकाऱ्यांनी शरीरात वस्तू राहून गेल्याची प्रकरणं तपासली. ज्यांत मोजणी झाली होती त्यांतल्या 88 टक्के प्रकरणांत कागदावर मोजणी ‘बरोबर’ लिहिलेली होती! तातडीच्या ऑपरेशनमध्ये, किंवा मधेच बेत बदलला तर, धोका कितीतरी वाढतो. म्हणजे घाईत, रक्तानं भिजलेले दोन गॉज एकमेकांना चिकटलेले असताना, सर्जन ‘लवकर आटपा’ म्हणत असताना मोजता आलं पाहिजे. आणि आकडा जुळला नाही तर “सर, थांबा, एक कमी आहे” म्हणता आलं पाहिजे. हे धाडस वर्गात बसून येत नाही, ओटीत उभं राहूनच येतं. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची ऑपरेशन-सुरक्षा यादीही हेच मागते : कातडी शिवून पेशंट बाहेर नेण्याआधी मोजणी मोठ्यानं सांगायची. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती यादी वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आलं.

आता त्या सहा महिन्यांचा हिशेब. 2021 च्या केंद्रीय कायद्यानं संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला, आणि त्या कायद्याच्या यादीत ओटी टेक्नॉलॉजिस्टचं नाव आहे. पदविका किंवा पदवीला किमान 2000 तासांचं शिक्षण, दोन ते चार वर्षांत, असं कायदा सांगतो. महिन्याचे 26 दिवस, रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता शिकवलं तरी सहा महिन्यांत 1248 तास होतात. उरलेले कुठून आणणार, हे अशा कोर्सची जाहिरात करणाऱ्यांना विचारा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. त्यात ऑपरेशन थिएटर ही स्वतंत्र शाखा आहे. छोटे कौशल्य अभ्यासक्रम असतात आणि मदतनीस म्हणून ते उपयोगीही पडतात. पण त्या कागदावर सरकारी जागेसाठी पात्र ठरू, असं गृहीत धरू नका. भरतीच्या जाहिरातीतली अर्हता शब्दन् शब्द वाचा. प्रवेश घेताना एकच प्रश्न विचारा : कोणत्या दवाखान्याच्या ओटीत, किती महिने उभं राहायला मिळणार? लेखी उत्तर मिळत नसेल तर फी भरू नका. साकोलीहून नागपूर शंभरेक किलोमीटर. एकदा जाऊन ती ओटी पाहून या. भंडाऱ्यालाही 2024 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं आहे, तिथं चौकशी करायला तर एसटीचं एक तिकीट पुरे.

बाकीचे समज लवकर उरकतात.

रक्त पाहून चक्कर येते, मग हे जमणार नाही? सुरुवातीला अनेकांना येते. सवयीनं बहुतेकांची जाते. उभं राहण्याआधी पोटभर खा.

हातमोजे घातले की हात धुतले नाही तरी चालतं? मोज्यांना न दिसणारी भोकं पडतात. म्हणून कोपरापर्यंत स्क्रब.

ओटीला औषधाचा उग्र वास, म्हणजे ती स्वच्छ? फॉर्मेलिनच्या धुरीचा तो वास असेल तर फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे, हे लक्षात ठेवा. धुरीआधी फरशी आणि टेबल पुसलंच नसेल, तर त्या वासाला काही अर्थ नाही.

मुलींचं काम नाही? स्क्रबला उभ्या असलेल्या सिस्टरला विचारून पाहा.

आणि शेवटचा, सगळ्यात घातक : “टेक्निशियन भूलही देतो.” देत नाही. तो मशीन तपासतो, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का पाहतो, सक्शन चालू ठेवतो, नळ्या मापानुसार मांडतो. भूल देणं हे त्या शास्त्रातल्या डॉक्टरचं काम. एखाद्या दवाखान्यात ‘आज डॉक्टर आले नाहीत, तूच टोच’ असं म्हणाले, तर सिरिंज खाली ठेवा. पेशंटला काही झालं तर पोलिसांच्या कागदावर तुमचंही नाव येतं.