पडद्यांचा घसारा

छत्तीसगडमधील सरगुजा जिल्ह्यात रामगड टेकडीवर सीताबेंगा हे लेणे आहे. ते प्राचीन नाट्यगृह असावे, असे मानण्यात येते. दाराशी खडकात भोके आहेत. पडद्याचे खांब त्यांत रोवीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. भोके उरली, पडदा गेला. चित्रित पडद्याचे भाग्य सर्वत्र असेच.

संगीत नाटकाच्या वैभवकाळात राजवाडा, उपवन, राजमार्ग असे पडदे ही नाटक मंडळीची मोठी मालमत्ता असे. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव मेस्त्री हे बंधू असे पडदे रंगवीत. त्या कामामुळेच लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. मूकपटकार म्हणून त्यांचे नाव राहिले, पडद्यांची मात्र फारशी आठवण कोणी काढीत नाही.

कारण साधे आहे. सरसात कालवलेला रंग घडीवर तडकतो, ओलीने सुटतो. मुक्कामामागून मुक्काम करणारा पडदा झिजतो, त्यावरच नवे दृश्य रंगविले जाते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे चटकन उमगते: घसारा आकारता आकारता पुस्तकी किंमत शून्यावर येते आणि वस्तू अडगळीत जाते.

युरोपातही निराळे घडत नव्हते. मात्र द्यागिलेव्ह यांच्या ‘बॅले रूस’ या मंडळीचे काही पडदे वाचले. ‘ल ट्रँ ब्लू’ हे नृत्यनाट्य २० जून १९२४ रोजी पॅरिसमध्ये रंगमंचावर आले. त्याचा दहा मीटरांहून उंच दर्शनी पडदा पिकासोच्या एका छोट्या चित्रावरून अलेक्झांडर शर्वाशिद्झे यांनी एका दिवसाच्या आत रंगविला. पिकासोला तो इतका आवडला की त्याने त्यावर स्वतःची सही केली. १९६८ मध्ये लिलावात त्याला ६९,००० पौंड मिळाले. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे असून, २०२५ मध्ये उघडलेल्या त्याच्या नव्या भांडारगृहात पुन्हा लोकांसमोर आला.

दुसऱ्या पडद्याची कथा मला अधिक अस्वस्थ करते. ‘ल त्रिकोर्न’ या १९१९ च्या नृत्यनाट्याच्या पडद्यातील मधले चित्र द्यागिलेव्ह यांनी १९२८ मध्ये पैशासाठी कापून विकले. ते चित्र आज न्यूयॉर्कमध्ये एका संग्रहालयात आहे. कापले म्हणून हळहळ वाटते. पण विकले म्हणूनच वाचले, हेही मान्य करावे लागते. आपल्या पेंटर बंधूंच्या पडद्यांना असा गिऱ्हाईक भेटला नाही.

आपल्या गावच्या उत्सव मंडळाच्या माळ्यावर एखादा जुना रंगविलेला पडदा असल्यास त्याची घडी घालू नये. जाड नळीवर रंगाची बाजू बाहेर ठेवून तो सैल गुंडाळावा, वर स्वच्छ सुती कापड लपेटावे, आणि कोणत्या नाटकासाठी, कोणी, केव्हा रंगविला हे चिठ्ठीवर लिहून नळीला बांधावे. मंडळाच्या जडवस्तू नोंदवहीतही त्याची एक ओळ असावी.