आरंभीच्या विद्यार्थ्यासाठी संगणकभाषेची निवड : एक भाषावैज्ञानिक विचार

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास संगणकाची एखादी भाषा यावी की नाही, हा वाद आता उरलेला नाही. बोलींचे ध्वनिमुद्रित नमुने, शब्दसूची, जुन्या पोथ्यांच्या प्रतिमा यांचा साठा इतका वाढला आहे की चिठ्ठ्या लिहून त्या खोक्यांत लावण्याची आपल्या गुरुजनांची पद्धत कितीही आदरणीय असली तरी आज पुरी पडत नाही. उरतो तो प्रश्न असा की, पहिली भाषा कोणती शिकवावी. हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे असे समजून आपण तो आजवर त्यांच्याकडे सोपविला. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मुळात भाषाशिक्षणाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर विद्यार्थी कोणती भाषा बोलत आला आहे हे पाहिल्यावाचून देता येणार नाही.

हिंगोली जिल्ह्यातून, म्हणजे सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत या तालुक्यांतून पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी बहुधा मराठी माध्यमातून आणि कला शाखेतून आलेला असतो. काहींच्या घरी गोरमाटी बोलली जाते, म्हणजे मराठी हीच त्यांची शाळेत शिकलेली दुसरी भाषा. ज्यांनी पूर्वी कोठे संगणकाचा अभ्यासक्रम केला त्यांची पहिली गाठ सी किंवा सी++ या भाषेशी पडलेली असते, आणि ती आठवण सहसा सुखाची नसते. प्रस्तुत लेखकाचीही नाही. ऐन पंचविशीत एका संस्थेतील अल्पमुदतीच्या वर्गात सीचे धडे घेताना एक अर्धविराम राहून गेला म्हणून अख्खी दुपार वाया गेली होती, आणि शिक्षकांनी ‘तुमचा पिंड या विषयाचा नाही’ असा निर्वाळा दिला होता. असे निर्वाळे आजही दिले जातात. त्यांपैकी किती खरे आणि किती भाषेच्या चुकीच्या निवडीमुळे, हे तपासणे आपले काम आहे.

नवशिक्यांसाठी मुद्दाम भाषा घडविण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व थॉमस कर्ट्‌झ यांनी १९६४ साली बेसिक ही भाषा सिद्ध केली ती विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून. १९६७ साली सेमूर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो आणली. निक्लाउस विर्ट यांची पास्कल १९७० साली प्रसिद्ध झाली, ती अध्यापनाचे साधन म्हणूनच. आपल्याकडे १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय योजनेत बीबीसी संगणकांवर बेसिक शिकविली जाई. ॲम्स्टरडॅमच्या गणित व संगणनकेंद्रात एबीसी नावाची एक भाषा नवशिक्यांच्या सोयीसाठी तयार झाली. ती फारशी चालली नाही, पण तिच्यावर काम केलेल्या गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली पायथन प्रसिद्ध केली तेव्हा ओळ आत सरकवून वाक्यसमूह दाखविण्याची एबीसीची रीत तीत उचलली. आज पायथनचा जो बोलबाला आहे त्याचे मूळ असे अध्यापनाच्या विचारात आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. संस्कृत ही संगणकास सर्वांत योग्य भाषा होय, असे विधान विद्यार्थी हमखास करतात. त्याचा उगम रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ सालच्या एका लेखात आहे. तो लेख ज्ञानाच्या मांडणीविषयी आहे, आज्ञावलीच्या भाषेविषयी नाही. पाणिनीचे सूत्रतंत्र आणि संगणकभाषांचे व्याकरण मांडण्याची बॅकस यांची पद्धत यांतील साम्य इंगरमन यांनी १९६७ साली दाखवून दिले, ती गोष्ट वेगळी आणि खरी आहे. पण व्याकरण लिहिण्याची रीत उत्तम असणे आणि ती भाषा नवशिक्याला सोपी असणे यांचा काही संबंध नाही.

आता सोपेपणाकडे वळू. सोपेपण मोजता येते. स्टेफिक व सीबर्ट यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अननुभवी व्यक्तींना वेगवेगळ्या भाषांतून लहान आज्ञावल्या लिहावयास दिल्या. त्यांत एक भाषा अशी होती की जिचे शब्द यदृच्छया ठरविलेले होते. सीच्या वळणाची रचना असलेल्या पर्ल व जावा या भाषांत नवशिक्यांची अचूकता त्या अर्थहीन भाषेपेक्षा लक्षणीय रीतीने अधिक भरली नाही. पायथन, रूबी व क्वोरम या भाषांत ती भरली. महिरपी कंस आणि अर्धविराम यांचा सराव असलेल्यांना हा निष्कर्ष पटणे जड जाते, पण तो आहे तसा आहे. दुसरा प्रयोग आपल्याला अधिक जवळचा. दासगुप्ता व हिल यांनी २०१७ साली असे दाखविले की, स्क्रॅच या चित्रभाषेचे ठोकळे मातृभाषेत असतील तर मुले नवनव्या संकल्पना अधिक वेगाने आत्मसात करतात. म्हणजे शब्द परके असण्याची किंमत द्यावी लागते, हे नुसते आपले रडगाणे नव्हे.

तथापि परके शब्द ही अडचणीची केवळ वरची साय आहे. ‘इफ’, ‘एल्स’, ‘प्रिंट’ असे शब्द तीस-पस्तीसच आहेत. ते आठवड्यात पाठ होतात. खरी अडचण वाक्यरचनेत आणि तिच्यामागच्या विचारात दडलेली असते, आणि तेथेच भाषावैज्ञानिकाला बोलण्यासारखे काही आहे.

उदाहरण म्हणून ‘व्हाइल’ हा शब्द घेऊ. एखादी क्रिया पुनःपुन्हा करविण्यासाठी तो वापरतात, आणि त्याच्या पुढे लिहावयाची अट ही क्रिया चालू राहण्याची अट असते. वर्गात एक चूक इतक्या नियमाने आढळते की ती चूक म्हणावयास संकोच वाटावा. दहापर्यंत आकडे छापावयाचे असता विद्यार्थी लिहितो की, ‘व्हाइल’, अंक दहाबरोबर असता, छाप. यंत्र काहीच छापत नाही. विद्यार्थ्यास वाटते की यंत्र बिघडले. हे का घडते? वसमतकडच्या हळदीच्या शेतावर वडील मुलाला सांगतात, “हळद शिजेपर्यंत जाळ घाल.” मराठी येथे थांबण्याची अट सांगते, चालू राहण्याची नव्हे. ‘हौद भरेपर्यंत मोटार चालू ठेव’, ‘एसटी येईपर्यंत थांब’, सगळीकडे तेच. विद्यार्थी आपल्या भाषेची अट प्रामाणिकपणे ‘व्हाइल’पुढे ठेवतो आणि ती नेमकी उलटी पडते.

परंतु हेच मराठी वाक्य लांबवून म्हटले तर काय होते पाहा. “जोपर्यंत हळद शिजत नाही, तोपर्यंत जाळ घाल.” आता नकार आला, आणि हा नकार बसविला की वाक्य चालू राहण्याची अट सांगू लागते. ‘जोपर्यंत... नाही, तोपर्यंत’ ही मराठीची अंगवळणी पडलेली जोडी म्हणजे पायथनमधील ‘व्हाइल नॉट’ होय. तेथे ‘नॉट’ हा शब्द शब्द म्हणूनच लिहितात. सीमध्ये त्याच्या जागी उद्गारचिन्ह येते, आणि उद्गारचिन्हाला मराठी वाचक नकार म्हणून वाचीत नाही. म्हणून प्रस्तुत लेखक आता ‘व्हाइल’ एकटे शिकवीतच नाही. आधी ‘व्हाइल नॉट’, मग ‘हळद कच्ची आहे तोवर’ असा होकारी पर्याय, आणि मग केवळ ‘व्हाइल’. पास्कलमध्ये ‘रिपीट... अंटिल’ अशी सरळ थांबण्याच्या अटीची रचना होती. आपल्या विद्यार्थ्याला ती पहिल्याच दिवशी कळली असती. पायथनमध्ये ती नाही, हे तिचे उणेच मानले पाहिजे. ‘जर... तर’चा मात्र काही त्रास होत नाही. परस्परसापेक्ष जोड्या हे मराठीचे बळ आहे.

बरोबरीच्या चिन्हाचेही असेच. शाळेत ‘समजा, क्ष = ५’ असे शिकलेल्याला ‘क्ष = क्ष + १’ हे समीकरण खोटे वाटते, आणि गणित म्हणून ते खोटेच आहे. विर्ट यांनी बरोबरीच्या आधी विसर्गासारखे दोन ठिपके घालून हा घोटाळा टाळला होता. पायथनने तो टाळलेला नाही. त्यावर तोंडी उपाय एकच, ते चिन्ह ‘बरोबर’ असे न वाचता ‘आता मान’ असे वाचावयास लावणे.

पायथनच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो आपल्या विषयाच्या गाभ्याशी भिडतो. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथन देवनागरी मजकूर युनिकोडच्या चिन्हांत मोजते आणि चलांची नावेही देवनागरीत ठेवू देते. ‘शब्द’, ‘बेरीज’, ‘गाव’ अशी नावे देऊन विद्यार्थी पहिली आज्ञावली लिहू शकतो. (आकडे मात्र आज्ञावलीत इंग्रजीच लिहावे लागतात. मजकूर म्हणून दिलेल्या ‘१२३’चे संख्येत रूपांतर करावयास सांगितले तर ते यंत्र विनातक्रार करते.) नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान म्हणून या जिल्ह्यात पूज्य आहे, तेव्हा तेच नाव घेऊ. ‘नामदेव’ या शब्दाची लांबी किती? पायथन सांगते, सहा : न, काना, म, द, मात्रा, व. सीला विचारावे तर युनिकोडच्या रूढ साठवणीनुसार उत्तर अठरा येते, कारण ती बाइट मोजते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ॲपलने २०१४ साली आणलेली स्विफ्ट ही भाषा चार म्हणते, आणि तिसरीच्या मुलाचे उत्तरही तेच असते. म्हणजे एका शब्दाची तीन उत्तरे, आणि प्रत्येक उत्तरामागे ‘अक्षर म्हणजे काय’ याविषयीचा एक सिद्धान्त. स्विफ्टचा सिद्धान्त आपल्याला पटणारा असला तरी ती भाषा मुख्यतः ॲपलच्या यंत्रांसाठी आहे, आणि आपल्या वर्गात ती यंत्रे कोणाकडे आहेत?

तोच शब्द पायथनकडून उलटा करवून घ्यावा. ‘वेदमान’ असे उत्तर येते. वर्ग हसतो, आणि मग कोणीतरी विचारते की ‘वदेमना’ का नाही. त्या प्रश्नापासून अक्षर, वर्ण आणि लिपिचिन्ह यांतील भेदाचा धडा सुरू होतो. हाच धडा पूर्वी फळ्यावर खडूने समजावताना दोन तास लागत आणि तो लक्षातही राहत नसे. ‘कळ’ व ‘कवी’ हे शब्द अकारविल्हे लावावयास सांगितले की पायथन ‘कळ’ आधी ठेवते, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा व च्या आधी, ल ला लागून आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. बोलींच्या शब्दसूच्या तयार करणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याचा कोश पहिल्याच पानावर बिघडतो.

याविरुद्ध एक भारदस्त मत आहे, ते येथे नोंदविले पाहिजे. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक अभिराम रानडे यांनी सी++ हीच पहिली भाषा म्हणून शिकविता येते असे आपल्या २०१४ सालच्या पाठ्यपुस्तकात दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी ‘सिम्पलसीपीपी’ हा आज्ञासंच तयार केला. त्यात ‘रिपीट’ अशी साधी आज्ञा आहे, आणि लोगोतील कासव पडद्यावर चौकोन काढते. म्हणजे कठीण भाषेवर सोपे आवरण. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पुढे सी++ची गरज असते, त्याच्यासाठी हा मार्ग योग्यच म्हणावा लागेल. आपल्या विद्यार्थ्याची गरज मजकुराची आणि ध्वनीची आहे. त्याला आवरणाआडची भाषा पुढे लागणारच नाही, तर ते ओझे त्याने का वाहावे?

ध्वनीचा उल्लेख आला म्हणून औंढ्याविषयी थोडे. तेथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०१६ साली तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. तिच्या भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या. गोंगाटात दडलेला संकेत साच्याशी ताडून शोधण्याच्या पद्धतीवर पुण्यात संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनी केलेले काम १९९१ साली प्रसिद्ध झाले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत टिपला गेलेला पहिला संकेत आणि त्याच्या विश्लेषणाची पायथनमधील आज्ञावली आज कोणालाही विनामूल्य मिळते. त्या संकेताची वारंवारता सेकंदाला सुमारे ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली, म्हणजे मानवी कानाच्या टप्प्यात. स्वरांचा वर्णपट आपण ज्या रीतीने काढतो त्याच रीतीने तोही काढता येतो. स्वनविज्ञानात रूढ असलेले बुर्स्मा व वेनिंक यांचे प्रात हे साधन पायथनमधून चालविण्याची सोयही आहे. औंढ्याच्या एखाद्या विद्यार्थिनीने आजीच्या बोलण्यातील स्वर आणि कृष्णविवरांची टक्कर एकाच आज्ञावलीच्या थोड्या फरकाने पाहावी, ही कल्पनेतील गोष्ट नव्हे. मागील सत्रात ती आमच्या वर्गात घडली.

साधनांची अडचण खरी आहे. बहुतेकांकडे संगणक नसतो, मोबाइल असतो. पायथन मोबाइलवर चालते, पण त्याच्या कळफलकावर ओळ चार जागा आत सरकविणे कंटाळवाणे होते आणि जी गोष्ट कागदावर सौंदर्य वाटते तीच तेथे छळ करते. दोषसूचना इंग्रजीतच येतात. २०२१ सालच्या ३.१० या आवृत्तीपासून त्या बऱ्याच सुबोध झाल्या, तरी विद्यार्थी त्या वाचीत नाही, लाल रंग पाहूनच पडदा बंद करतो. म्हणून पहिल्या आठवड्यात यंत्राला हातच लावू न देण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे. आज्ञा मराठीत, कागदावर लिहावयाच्या आणि शेजाऱ्याने यंत्र होऊन त्या तंतोतंत पाळावयाच्या. दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम चुकलेल्या आज्ञावल्या देऊन केवळ दोषसूचनांचे मराठी भाषांतर करून घ्यावयाचे. तिसऱ्यात आपापल्या गावच्या पन्नास शब्दांची यादी, तिची लांबी, तिचा क्रम. सी आम्ही दाखवितो ती शेवटच्या आठवड्यात, एका तासापुरती, आणि तीही ‘नामदेव’चे अठरा कसे झाले हे स्वतः पाहण्यासाठी.