कारागिराचे मन आणि मालकाचा हिशेब

मालेगावात जुम्म्याला लूम बंद असतात. अशाच एका जुम्म्याच्या दुपारी आम्ही ओळखीच्या एका कारखानदाराकडे बसलो होतो. रातपाळीचा त्यांचा जुना कारागीर दोन-तीन महिन्यांपासून बिघडला होता. ताण्याचा धागा तुटलेला त्याला दिसत नाही, तागा डागी निघतो, व्यापारी भाव कापतो. वर खाडे. "काढून टाकावा म्हणतो," ते म्हणाले.

"तो झोपतो कधी, भाई?" आम्ही विचारले. त्यांना सांगता आले नाही.

चौकशी केली तेव्हा कळले. मुलीच्या लग्नासाठी घेतलेली उचल फिटत नव्हती. बारा तासांची रातपाळी, दिवसा भरल्या घरात झोप नाही. जेवण सुटले होते. "जगून काय करू," असे तो बायकोला म्हणाला होता. घरचे नजर उतरवत होते. दुआ जरूर करावी, पण दुआ केली म्हणून ताप आल्यावर आपण डॉक्टर टाळत नाही.

त्याला काढले असते तर उचल बुडाली असती आणि नवा माणूस हाताला बसेपर्यंत आणखी तागे डागी निघाले असते. हा खर्च वहीत वेगळा लिहिला जात नाही, म्हणून तो मालकाला दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उदासी आणि चिंतेच्या आजारांमुळे जगात दरवर्षी कामाचे १२ अब्ज दिवस वाया जातात. नुकसान सुमारे एक लाख कोटी डॉलरचे. याच संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या २०१६ च्या अभ्यासात या आजारांच्या उपचारावरील एका डॉलरमागे चार डॉलर परत येतात, असे दिसले. बरा झालेला माणूस नीट काम करतो, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या कारखानदारांना फारसे पैसे घालावे लागले नाहीत. त्यांनी कारागिराला दिवसपाळीवर घेतले. उचलीचा हप्ता निम्मा केला. १४४१६ या सरकारी 'टेलि-मानस' क्रमांकावर त्याच्याशेजारी बसून फोन लावून दिला. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. पुढे डॉक्टरांचे औषध सुरू झाले. मुकादमाला मात्र कारण सांगितले नाही. हे आम्हाला सर्वांत शहाणपणाचे वाटले, कारण एकदा 'वेडा' हे नाव चिकटले की कारागीर गाव सोडतो.

ज्यांच्याकडे आरोग्य विमा आहे त्यांनी एक लक्षात ठेवावे: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. लूमवरच्या किती जणांकडे विमा असतो, हा भाग वेगळा.

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा तो कारागीर लूमवर होता. पूर्ण बरा नाही. अजून एखादा खाडा होतो, पण आता आदल्या दिवशी सांगून होतो आणि त्या दिवशी त्याच्या लूमवर बदली माणूस उभा असतो.