बॅटरी गेली की नुसती उतरली?

आज गाडीच्या बॅटरीबद्दल बोलू. इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी हा वेगळा विषय झाला. आपली आजची बॅटरी म्हणजे पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी गाडीत बॉनेटखाली बसलेली, बारा व्होल्टची, शिशाच्या प्लेटा आणि गंधकाम्लाची. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ती तयार केली, आणि तिचं मूळ रसायन आजही तेच आहे.

सकाळी किल्ली फिरवली, टक-टक आवाज आला, सेल्फ काही फिरला नाही. कोणाला तरी बोलावलं, त्याने वरवर पाहिलं आणि सांगितलं, "बॅटरी गेली, नवीन टाका." लहान गाडीला चार-पाच हजारांचा खर्च. आता आमचं म्हणणं एवढंच की बॅटरी 'गेली' आणि बॅटरी 'उतरली' यात फरक आहे. उतरलेली बॅटरी म्हणजे रिकामा हंडा, गेलेली म्हणजे फुटका हंडा. रिकामा झाला म्हणून कोणी हंडा भंगारात घालत नाही. बॅटरीच्या बाबतीत मात्र आपण हे सर्रास करतो, कारण मोजून कोणी पाहतच नाही.

मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो, काही शे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर बंद राहू द्या आणि सकाळी चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज बघा. आत सहा सेल असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. म्हणून १२.६ दिसले तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. रिकामी असेल तर आधी चार्जरवर पूर्ण चार्ज करा, मग निकाल द्या. पूर्ण चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या आसपास उतरत असेल, तर एक सेल मेला असं समजा. ती खरोखर गेली. चार्ज टिकतोय, पण सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळतंय, तर ती थकली आहे. तिची बदली आता लांबवू नका.

तिसरं माप इंजिन चालू असताना. तेव्हा साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. नवीन गाड्यांत संगणक हे व्होल्टेज कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे थोडा फरक दिसेल. पण इंजिन चालू असूनही १२ वरच अडकलं असेल, तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही आठवड्यात उतरणार, आणि मग आपण बॅटरीच्या कंपनीला नावं ठेवणार.

मग बॅटरी उतरते कशाने? आमच्या व्याख्यानांना येणारे बहुतेक लोक म्हणतात, वारंवार सेल्फ मारल्याने. हिशेब करून बघू. सेल्फ दोनशे अँपिअर ओढतो असं धरा, पण दोनच सेकंद. म्हणजे ०.११ अँपिअर-तास, पस्तीस अँपिअर-तासांच्या बॅटरीतून चिमूटभर. आता दुसरीकडे बघा. गाडी कुलूप लावून उभी असते तेव्हाही अलार्म, घड्याळ, संगणक थोडी वीज घेतच असतात. पन्नास मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. पंधरा दिवस गाडी हलली नाही तर १८ अँपिअर-तास गेले, बॅटरी निम्म्यावर! त्यात डॅशकॅम किंवा ट्रॅकर जोडला असेल तर आणखी लवकर. बॅटरी उतरवते ती उभी गाडी.

यावर घरगुती उपाय ठरलेला: रविवारी पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. याने फारसं काही होत नाही. शिशाची बॅटरी सुरुवातीला पटापट चार्ज घेते, पण शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो, त्याला तास-तास लागतात. शहरातल्या वीस मिनिटांच्या फेऱ्यांत, एसी आणि हेडलाइट लावून, ती कधी पूर्ण भरतच नाही. आणि अर्धपोटी बॅटरीत काय होतं? प्लेटांवर शिशाचं सल्फेट साचतं. ताजं असेल तर चार्ज करताना विरघळतं, आठवडे-महिने राहिलं तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि तेवढी प्लेट कायमची निकामी. तेव्हा उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर ती 'गेलेली' होते. महिन्यातून एकदा तास-दीड तासाचा मोकळा प्रवास करा. ते जमत नसेल, तर आपोआप बंद होणारा छोटा चार्जर रात्रभर लावा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नसतो ही अडचण खरी आहे. मग महिनाभर गावी जाताना निगेटिव्ह केबल सोडून ठेवणं बरं. आधी गाडीचं पुस्तक बघा, काही गाड्यांत घड्याळ, स्टिरिओ, काचांचं सेटिंग पुन्हा करावं लागतं.

बॅटरीचा दुसरा शत्रू उष्णता. लोकांना वाटतं थंडी बॅटरी मारते. मारतो तो उन्हाळा. नागपूर-चंद्रपूरचा ४५ अंशांचा मे महिना, त्यात बॉनेटखालची धग, याने आतली शिशाची जाळी गंजते आणि पाणी उडतं. पण उष्णतेत रासायनिक क्रिया जलद चालते, म्हणून उन्हाळ्यात ती वेळ मारून नेते. पुढे पाऊस किंवा थंडीची पहिली गार सकाळ आली की पितळ उघडं पडतं. तेव्हा बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर तपासणी पावसाळ्याआधी करा.

देखभाल फार नाही. वर बुचं असतील तर प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नाही, आरओचं नाही, आणि आम्ल तर अजिबात नाही. आम्ल उडत नाही, उडतं ते पाणी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड आली तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. पुष्कळ 'गेलेल्या' बॅटऱ्या एवढ्यानेच जिवंत होतात.

खरेदी करताना आकड्यांनी फसू नका. ३८बी२०एल या बॅटरीतला ३८ म्हणजे अँपिअर-तास नव्हे. ती साधारण ३५ची येते. २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला ते सांगतं. ते उलटं आणलं तर केबल पोचणार नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच बॅटरी लागते. दुकानदार साधी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका, ती लवकर बसेल. बनवल्याची तारीख बघा; दुकानात पडून राहिलेली बॅटरीही आपली आपण उतरते. आणि '४८ महिने वॉरंटी' यातले किती महिने फुकट बदली आणि किती महिने नुसती किमतीत सूट, ते विचारा.

बदलताना आधी निगेटिव्ह सोडा, जोडताना निगेटिव्ह शेवटी. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह सोडताना पान्ना पत्र्याला टेकला तर भडका उडतो, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. म्हणून विडी-सिगरेटही लांब.

राहिली जुनी बॅटरी. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं, म्हणून भंगारवाला चांगला भाव देतो. पण ती कुठे फुटते हे महत्त्वाचं. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या एका वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचं काम चालायचं. २००७-०८च्या काही महिन्यांत तिथे १८ मुलं शिशाच्या विषबाधेने दगावली. शिशाची अमुक मात्रा मुलांना चालते, असा आकडा जागतिक आरोग्य संघटना देत नाही. आपल्याकडे २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानदार जुनी घेऊन नव्या बॅटरीच्या किमतीत सूट देतात. बिलावर ती सूट लिहून घ्या आणि बॅटरी तिथेच सोडा.

'जुनी इन्व्हर्टरला लावली तर?' हा प्रश्न दर वेळी येतो. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, दोन सेकंद जोर लावण्यासाठी केलेल्या. चार तास पंखा चालवून रोज रिकामी केली तर ती काही आठवड्यांत बसेल.